मुलीने इंग्लंडमध्ये जीसीएसईला (तिथली आपल्या दहावीसारखी परीक्षा) ड्रामा घेतला आहे. नेमकं काय करावं लागतं? फक्त अभिनय का?

नाही हो, निम्मा जीव लिहिण्यातच जातो! माझ्या लेकीने एक्यूए बोर्डाचा ड्रामा केला, त्यावरून सांगते.

लेखी पेपर ४० टक्क्यांचा, पावणेदोन तासांचा. त्यात नेमलेलं नाटक असतं आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या एका प्रयोगाबद्दलही लिहायचं असतं. 'छान काम केलं' एवढ्यावर गुण मिळत नाहीत. नटाने कोणत्या वाक्याला आवाज खाली आणला, तेव्हा प्रकाश कसा होता, हे हवं. म्हणून नाटक बघून आल्या रात्रीच टिपणं काढायला लावा.

आणखी ४० टक्के गटाने स्वतः रचलेल्या नाटकाचे. इथेच पोरं फसतात. या भागाच्या ८० गुणांपैकी प्रयोगाला फक्त २०, उरलेले ६० तालमींच्या नोंदवहीला! आमच्याकडे ती वही शेवटच्या आठवड्यात आठवणीने भरली गेली, मग काय, रडारड. शिवाय एकाने तालमीला दांडी मारली की सगळा गट अडतो.

उरलेले २० टक्के छापील नाटकातले दोन प्रवेश सादर करण्याचे. ते बाहेरचा परीक्षक तपासतो.

मुलगी लाजरी असेल तर प्रकाशयोजना, वेशभूषा किंवा ध्वनी घेऊनही हे भाग करता येतात. बोर्ड कोणतं ते मात्र शाळेत विचारून घ्या, प्रत्येकाची विभागणी थोडी वेगळी असते.