पोर्तुगालच्या जनरल देल्गादोला त्याच्याच माणसांनी मारलं का? आणि यात गोव्याचं नाव का येतं?

नाही, ही थिअरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारनेच पसरवली, की विरोधकांच्या आपसातल्या भांडणातून खून झाला. देल्गादो 1958 ला सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिलेला, म्हणून तो डोळ्यात खुपत होता. 13 फेब्रुवारी 1965 ला, तुझ्या बाजूचे लोक भेटायला येतायत असं भासवून पीडे या गुप्त पोलिसांनी त्याला स्पेनच्या हद्दीत बोलावलं आणि तिथे तो आणि त्याची सेक्रेटरी दोघांना मारून पुरलं, प्रेतं सापडली ती थेट एप्रिलमध्ये.

गोव्याचं नाव येतं ते या खुनात सामील असलेल्या पीडेच्या काझिमिरो मोंतेरोमुळे. तो गोव्यातलाच, आणि मुक्तीच्या आधी इथल्या स्वातंत्र्यसैनिकांना बेदम मारणारा ‘आजेंत मोंतेरो’ (म्हणजे एजंट मोंतेरो) तो हाच, आमच्याकडची जुनी माणसं अजून हे नाव घेताना चिडतात आणि त्यांचं बरोबरच आहे. 1981 ला लिस्बनच्या कोर्टाने त्याला देल्गादोच्या खुनासाठी गैरहजेरीत दोषी धरलं पण तो हाती लागलाच नाही, दक्षिण आफ्रिकेत राहिला.

सालाझारने स्वतः हुकूम दिला का यावर मात्र वाद आहे, तो 1970 लाच मेला म्हणून त्याच्यावर खटला झाला नाही. माझ्या मते पीडेची एवढी हिंमत वरच्या आशीर्वादाशिवाय होणं कठीणच.