घरच्या सर्व्हरवरचे व्हिडिओ घराबाहेर मोबाइलवर का अडकतात?

घरच्या संगणकावर जेलीफिन (आपले व्हिडिओ इतर उपकरणांवर दाखवणारे सर्व्हर सॉफ्टवेअर) बसवल्यानंतर वाय-फायवर सारे सुरळीत चालते, मात्र घराबाहेर मोबाइलला कधी सर्व्हरच सापडत नाही, तर कधी चित्र थांबत थांबत दिसते, तेव्हा अधिक ताकदीचा संगणक घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, इतक्यात घेऊ नये.

मी ठाण्यात राहतो आणि ट्रान्स-हार्बर मार्गाने रोज वाशीला जातो. वडिलांनी व्हीएचएस कॅसेटवर टिपलेल्या घरातल्या मुंजी आणि लग्ने मी डिजिटल करून सर्व्हरवर ठेवली, त्या वेळी याच दोन अडचणी माझ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या.

सर्व्हर न सापडण्याचे कारण पुष्कळदा घराबाहेर असते. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते अपुरे पडत असल्याने अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या वॅन पत्त्याची (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेल्या पत्त्याची) सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती राउटरमधून सर्व्हरकडे वळवण्याची सोय) कितीही काळजीपूर्वक केले तरी बाहेरची विनंती आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. मी यात दोन रविवार घालवले. अखेर वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर आधारलेले, उपकरणांना खासगीरीत्या एकमेकांशी जोडणारे टेलस्केल सर्व्हरवर आणि मोबाइलवर बसवले, तेव्हा वाट मोकळी झाली. सार्वजनिक पत्ता मिळत असला तरी जेलीफिनचे ८०९६ हे पोर्ट, म्हणजे त्याचे प्रवेशद्वार, थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये, कारण त्यावरची देवाणघेवाण मुळात एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात झाकलेली, नसते.

चित्र थांबण्याचे कारण समजण्यासाठी आधी साधा हिशोब करावा. ८ एमबीपीएसची (सेकंदाला ८ मेगाबिट लागणारी) फाइल तासाभरात सुमारे ३.६ जीबी डेटा ओढते, आणि घराबाहेर पाहताना तो सगळा आपल्या जोडणीच्या अपलोडमधून जातो. ॲपमध्ये दर्जा ३ एमबीपीएसवर आणला की भार कमी होतो, मात्र सर्व्हरला चित्र त्याच क्षणी नव्याने घडवावे लागते, म्हणजेच ट्रान्सकोडिंग करावे लागते. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असल्यास जेलीफिनच्या सेटिंगमध्ये क्विक सिंक, म्हणजे हे काम ग्राफिक्सच्या हार्डवेअरवर करण्याची इंटेलची सोय, सुरू करावे. १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ अधिक दाबून साठवण्याची एक पद्धत) फाइलसुद्धा तो प्रोसेसर हार्डवेअरवर उलगडतो. उपशीर्षकांकडेही लक्ष द्यावे: ब्लू-रेमधली पीजीएस उपशीर्षके ही चित्रे असतात, आणि मोबाइलवरच्या ॲपला ती दाखवता आली नाहीत तर एरवी जशीच्या तशी चालणारी फाइलही ट्रान्सकोड होते. त्यांच्या जागी एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची उपशीर्षक फाइल ठेवल्यास तो भार टळतो.

लोकलमध्ये मात्र टॉवर सतत बदलत असतात, त्यामुळे तिथे थेट प्रवाहावर विसंबणे मला पटत नाही. मी आदल्या रात्री हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरने लहान प्रत करून ती मोबाइलवर उतरवून घेतो. ३ एमबीपीएसने अर्ध्या तासाचे चित्रण सुमारे ६७५ एमबीत बसते.

यानंतरही चित्र थांबत असेल, तर व्हिडिओ चालू असताना जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडावा. फाइल थेट जात आहे की ट्रान्सकोड होत आहे, आणि होत असल्यास कशामुळे, हे तिथे दिसते. हार्डवेअर ट्रान्सकोडिंग सुरू असूनही त्याचा वेग व्हिडिओच्या वेगापेक्षा कमी पडत असेल, तरच नव्या संगणकाचा विचार करावा.