पहिली डिस्टोपियन कादंबरी वाचताना

दोष ठळकपणे दिसत असतानाही डिस्टोपियन कादंबरी, म्हणजे दडपशाहीखालच्या भयाण काल्पनिक समाजाची गोष्ट, पुढे वाचावी का, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य वाचावी. सुझन कॉलिन्स यांची २००८ सालची ‘द हंगर गेम्स’ मी खानापूर–बेळगाव बसमध्ये वाचायला घेतली, तेव्हा एकेका जिल्ह्याने एकेकच धंदा करून अख्खा देश कसा चालतो, हा प्रश्न मलाही छळत होता. नवा वाचक नेमका इथेच अडतो.

त्या राज्याचा जमाखर्च तपासत बसू नका. लहान तपशिलांकडे लक्ष द्या. तिथे घरात धान्य आणि तेल मिळावे म्हणून मुले जीवघेण्या खेळासाठी काढल्या जाणाऱ्या सोडतीत आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकतात, त्या वर्षागणिक साठत जातात, आणि म्हणून सर्वांत गरीब घरातल्या मुलाचेच नाव निघण्याची शक्यता वाढते. रेशन दुकानासमोर पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

आणखी दोन चुका टाळा:

- सोळा वर्षांच्या निवेदिकेचे गैरसमज लेखिकेच्या खात्यावर मांडू नका.
- इंग्रजीची सवय नसेल, तर प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडू नका. कन्नड किंवा मराठी माध्यमातून आलेले बरेच जण त्यामुळेच चाळिसाव्या पानावर थांबतात.

प्रेमाचा त्रिकोण मलाही कंटाळवाणा वाटला. ती पाने भरभर उलटावीत. या साहित्यप्रकाराची जुनी परंपरा वगैरे गोष्टी पहिले पुस्तक संपल्यावर पाहू.