विचारा की! जत्रा, वीरगळ आणि गावकीच्या भानगडी

या खेपेला पत्रं बहुतेक सगळी कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरभागातनं आलीत, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा. लांबलचक पत्रं जरा कापून घेतलीत, रागावू नका.

प्रश्न : आमची शाहूवाडी तालुक्यात छोटी वाडी आहे. देवाची जत्रा वैशाखात असते. निम्मी पोरं पुण्या-मुंबईला, त्यांना रजा मिळत नाही. म्हणून यंदा बैठकीत विषय निघाला की तिथी सोडायची आणि जत्रा जवळच्या रविवारी करायची. म्हातारी माणसं पेटलीत, पोरं पण हटून बसलीत. तुमचं काय मत?

उत्तर : दादा, माझं मत म्हाताऱ्यांच्या बाजूनं, पण पोरांचं पण सगळंच चूक नाही.

आधी हे बघा की आपल्या डोंगरातल्या जत्रा चैत्र-वैशाखातच का येतात. भात कधीच मळून घरात आलेलं असतं, सुगी आवरलेली, ओढ्यांना पाणी कमी म्हणून पाव्हण्यांना वाट मोकळी, आणि मृग लागायच्या आत हातात चार दिवस रिकामे. एकदा पाऊस सुरू झाला की गगनबावड्याकडं घराबाहेर पडायची मारामार, जत्रा कुठली करताय! म्हणजे तिथी पंचांगातली असली तरी तिचा हिशोब शेतीचा आहे. आणि जोतिबाची चैत्री यात्रा बघा, चैत्र पौर्णिमा म्हणजे चैत्र पौर्णिमा, मग सोमवार येवो नाहीतर बुधवार. सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीची सासनकाठी (देवाच्या नावानं नाचवायची उंच सजवलेली काठी) मानाची पहिली, ती एवढ्या लांबनं जोतिबाच्या डोंगरावर वाडी रत्नागिरीला येते आणि वार कुठला हे कोण विचारत पण नाही.

पण पालखी उचलायला खांदे लागतात हे पण खरं. त्यामुळं मी काय म्हणतो, जत्रेचे दोन भाग करा. अभिषेक, निवद, पालखी, रात्रीचा छबिना म्हणजे पालखीची मिरवणूक, देवापुढं घालायचं गाऱ्हाणं, हे तिथीलाच, त्याला चार टाळकी असली तरी चालतं, देव हजेरी मांडत नाही. आणि कुस्त्यांचं मैदान, ऑर्केस्ट्रा, मटणाचं जेवण, माहेरवाशिणींचा कार्यक्रम हे सगळं रविवारी घ्या की. पुण्याची पोरं शनिवारी रात्री गाडी काढतील आणि पहाटे रश्श्याच्या वासाला हजर. कुस्तीला तर गर्दी लागतेच. ती बारक्या पोरांची नारळावरची कुस्ती असते ना, लाल मातीत दोन पोरं लोळतायत, लंगोट सुटायला आलाय, पंच हसतोय आणि जिंकलेलं पोरगं नारळ छातीशी धरून सगळ्या मैदानाला फेरी मारतंय, ते बघायला माणूस रजा टाकून येतो. शाहू महाराजांचं खासबाग मैदान असलेल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. ढोल कुणाच्या घरानं वाजवायचा, अब्दागिरी (देवाची मानाची छत्री) कुणी धरायची, पहिला निवद कुणाचा, गाऱ्हाण्यात कुठल्या शिवेची आणि कुठल्या देवाची नावं आधी घ्यायची, हे तुमच्या गावात किती जणांना माहीत आहे? एक नाहीतर दोन म्हातारे असतील. तो म्हातारा गेला की मग तिथीला करा नाहीतर रविवारी करा, डीजेच लावायचा राहतो. तेव्हा प्रत्येक मानकऱ्याबरोबर यंदा त्याच्या घरातला एक तरणा पोरगा उभा करा, आणि गाऱ्हाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. गुरवांना आधी विचारा मात्र, काही गावांत चालत नाही ते. बैठकीत भांडायचंच असेल तर ह्याच्यावर भांडा.

प्रश्न : मारुतीच्या देवळामागं पाच-सहा कोरलेले दगड पडलेत, लढणारी माणसं आहेत त्यावर. देवळाचा जीर्णोद्धार चाललाय तर मंडळातली पोरं म्हणतात दगडांना ऑइल पेंट मारून भिंतीत बसवू, छान दिसतील. ते दगड नक्की काय आहेत आणि पेंट मारला तर चालेल का? – एक वाचक ताई, भुदरगड तालुका

उत्तर : ताई, आधी तो पेंटचा डबा दुकानदाराला परत करा.

तुम्ही सांगताय त्यावरनं ते वीरगळ आहेत. लढाईत, नाहीतर गावची गुरं सोडवताना जो मेला त्याच्या नावानं उभा केलेला दगड. वाचायचा खालनं वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवार घेतलेला गडी, कधी घोडा, कधी बाजूला गाई. मधल्या चौकटीत त्याच्या दोन्ही बाजूंना अप्सरा, त्याला स्वर्गात घेऊन चालल्यात. वरच्या चौकटीत तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला, आणि बऱ्याच दगडांवर सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव राहणार. पाच-सहातल्या एखाद्यावर नुसता कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. आणि गाढव कोरलेलं दिसलं तर लाजू नका, ती गधेगाळ, दान दिलेली जमीन कुणी बळकावली तर त्याला दगडावर घातलेली शिवी आहे ती. आपल्या भागावर शिलाहारांचं राज्य होतं, पन्हाळ्यावरनं कारभार बघणारा दुसरा भोज त्यातला शेवटचा, 1212 च्या आसपास देवगिरीच्या यादवांनी त्याला हरवलं. त्या काळातले लेख कानडीत नाहीतर संस्कृतात असतात, त्यामुळं दगडावर अक्षरं दिसली आणि वाचता आली नाहीत की कुणीतरी खजिन्याचा नकाशा म्हणून उठवतं आणि रात्री खणायला माणसं येतात. खजिना-बिजिना काही नसतो, सांगून ठेवा सगळ्यांना.

पेंटचं म्हणाल तर रंग बारीक कोरीव कामात जाऊन बसतो, नाकडोळे बुजतात, वर दरसाल नवा थर. दगडातली ओल आत कोंडते आणि मग पापुद्रे सुटायला लागतात. आणि तो रंग काढायला म्हणून पुढं कोणतरी ॲसिड नाहीतर तारेचा ब्रश घेऊन बसतं, तेव्हा उरलंसुरलं पण जातं. शेंदराचं पण तेच, पूजा करायची तर हळद-कुंकवाचं एक बोट पुरतं. सिमेंटनं भिंतीत चिणू नका, एकदा चिणला की न फोडता निघत नाही.

करायचं एवढंच. साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं माती काढा. देवळाच्या बाजूला जरा उंचवट्यावर, पाणी साचत नाही अशा जागी, बुडखा जमिनीत गाडून उभे करा, वर पत्र्याची शेड. हलवायच्या आधी मात्र कुठला दगड कुठं आणि कुठल्या तोंडानं पडला होता त्याचे फोटो काढून ठेवा. फोटो सकाळी लवकर काढा, ऊन तिरपं असलं की सगळी आकृती उठून दिसते, दुपारी बाराला नुसता काळा धोंडा दिसतो. ते फोटो घेऊन कोल्हापुरात टाऊन हॉल म्युझियमला नाहीतर विद्यापीठाच्या इतिहास विभागात जाऊन या, जाणकार माणूस भेटतो. आणि चारचाकीतनं कोण आला, 'हा दगड द्या, बंगल्यापुढं ठेवतो, देवळाला देणगी देतो' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांवरच्या अशा कोरीव वस्तूंचा धंदा लायसन्सशिवाय करता येत नाही.

प्रश्न : सून विदर्भातली आहे. ती म्हणते बैलांचा सण श्रावण अमावास्येला. आमच्यात तर आषाढात बेंदूर करतात आणि शेजारच्या गडहिंग्लज भागात त्याच्या पण आधी. खरं कुणाचं?

उत्तर : सगळ्यांचं. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास, आपला महाराष्ट्रीय बेंदूर आषाढ पौर्णिमेच्या आसपास, आणि पोळा श्रावण अमावास्येला. सीमाभागात दोन्ही बेंदूर नांदतात. सुनेला सांगा, इकडं आल्यावर पुरणपोळी दोनदा मिळत्या, तक्रार कशाला. आणि दावणीला आता बैल नसतील (बऱ्याच घरी नाहीत, ट्रॅक्टर धुऊन त्यालाच हार घालतात) तरी कुंभाराकडनं मातीची जोडी आणायचं बंद करू नका, त्याचा तेवढाच धंदा होतो.

प्रश्न : पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीची वाट आमच्या वाडीतनं जाते. जुलैमध्ये शेकडो पोरं येतात, घोषणा देतात, मुक्काम करतात आणि मागं प्लास्टिकचा ढीग ठेवून जातात. काही बोलायला गेलं तर आम्हीच शिवरायांच्या विरोधात असल्यासारखं बघतात. काय करावं?

उत्तर : बोलायचं, बिनधास्त. 13 जुलै 1660 ला बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं त्या खिंडीत पडली ती बिस्किटाचे पुडे टाकायला नव्हे. मसाई पठारावरनं पांढरपाण्याकडं जाणारी ती वाट तुमच्या माणसांनी वापरात ठेवली म्हणून आज चालता येते. आयोजकांना जूनमध्येच फोन करा, येणार किती, राहणार कुठं, कचरा कोण नेणार हे आधी ठरवा. शाळेत मुक्काम असेल तर ग्रामपंचायतीनं साफसफाईचं डिपॉझिट घ्यावं, पोती मोजून द्यावीत आणि भरून परत आल्याशिवाय पैसे सोडू नयेत. जेवण बाहेरनं टेम्पोत आणू देऊ नका. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा तुमच्या बायका करतील, ताटाचा दर आधी ठरवून, रोख. लावणीचे दिवस असतात ते, घरातली माणसं चिखलात, तेव्हा फुकट पाहुणचार कुणी गृहीत धरू नये. आणि पोरांना बांधावरनं चालायला सांगा, नवीन लावलेल्या रोपातनं नाही.

प्रश्न : देवळाचा पाया काढताना छोटं मडकं निघालं, त्यात हिरवी पडलेली नाणी आहेत. कमिटी म्हणते विकून कळस करू.

उत्तर : अजिबात नको. 1878 चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर गुन्हा. सरपंच, पोलीसपाटील आणि कमिटीच्या सह्या घेऊन पंचनामा करा, नाणी मोजून फोटो काढा आणि मडक्यासकट कळवा, फुटलेल्या खापऱ्या पण टाकू नका. आणि घरातल्या कुणी ती चिंचेनं घासून चकचकीत करायला घेतली असतील तर आत्ताच्या आत्ता हातातनं काढून घ्या.