वाहाकाच्या भिंतींवरचे ठसे

प्रश्न : ठाण्यातील उड्डाणपुलांच्या खांबांवर थेट रंगवलेली चित्रे दिसतात. मेक्सिकोतील कलावंतांचे गट मात्र राजकीय चित्रे आधी कागदावर छापून मग भिंतीवर चिकटवतात, असे वाचनात आले. हा खटाटोप कशासाठी? आणि त्यांवर कलावंताचे नाव का नसते?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्याकडचे खांब परवानगीने रंगवले जातात, त्यामुळे तेथे घाई नसते; मेक्सिकोतील वाहाका शहरात सारा प्रश्न वेळेचाच होता. १४ जून २००६ रोजी पोलिसांनी संपकरी शिक्षकांच्या चौकातील तळावर कारवाई केली, गव्हर्नर उलिसेस रुईस यांच्या राजीनाम्याच्या मागणीने शहर पेटले आणि त्याच आंदोलनातून ‘आसारो’ हा क्रांतिकारी कलावंतांचा गट उभा राहिला. अशा दिवसांत भिंतीपुढे तासन्‌तास रंगवत बसणे म्हणजे अटकेला आमंत्रणच. त्यापेक्षा ठसा आडोशाला निवांत कोरावा, रात्री खळ लावून कागद डकवावा आणि निघून जावे; सकाळी कोणी तो फाडला तरी ठसा शाबूत असतो आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती पुन्हा काढता येतात.

ठसा बहुधा लिनोलियमचा किंवा लाकडाचा असतो. कोरणीने काढून टाकलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेल्या उंचवट्याला रोलरने शाई लागते. छाप उलटी उमटत असल्यामुळे घोषणेचे प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे कोरावे लागते, आणि एक अक्षर चुकले की सारी मेहनत वाया जाते. या काळ्या-पांढऱ्या विरोधामुळेच चित्र रस्त्यापलीकडूनही स्पष्ट वाचता येते.

ही रीत २००६ मध्ये अचानक उगवलेली नाही. मेक्सिकोतील छापचित्रकार पोसादा (१८५२–१९१३) यांची सांगाड्यांची चित्रे स्वस्त छापील पत्रकांतून घरोघरी पोहोचली होती. १९३७ मध्ये मेक्सिको शहरात लिओपोल्दो मेंदेस आणि सहकाऱ्यांनी लोकछापचित्रांची कार्यशाळा काढली, जिने १९४७ मध्ये मेक्सिकन क्रांतीवर ८५ छापचित्रांचा संच प्रसिद्ध केला. एकाच्या चित्रावर सर्वांनी मिळून चर्चा करायची, ही पद्धत त्या कार्यशाळेत रुजली होती.

‘आसारो’च्या चित्रांवर व्यक्तीऐवजी गटाचे नाव येते, यामागे पोलिसांपासूनचे संरक्षण तर आहेच, पण चित्र सर्वांचे आहे ही भूमिकाही तितकीच खरी आहे. आता हीच छापचित्रे पर्यटकांना आणि संग्रहालयांना विकली जातात, यावर काहीजण नाक मुरडतात. मला ती टीका अर्धवट वाटते, कारण शाई आणि कागद विकत घ्यावे लागतात आणि सरकारवर टीका करणाऱ्या चित्रांचा खर्च सरकारने द्यावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही.