पप्पांवर गोष्ट लिहिली तर आज्ञा मोडते का?

‘ताई, पप्पांवर गोष्ट लिहिली तर पाप लागेल का?’ गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसोबत काम करताना हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. आईबापांचा मान राखण्याची बायबलमध्ये आज्ञा आहे, आणि मान राखायचा म्हणजे घरातलं झाकायचं, असंच आपण धरून चालतो.

रूथ (नाव आणि तपशील बदललेत) वास्कोत वाढली. वडील कोल्हापूरकडून बंदरावर नोकरीला आलेले, चर्चमध्ये मान असलेले. दारू नाही, मारहाण नाही. शिक्षा एकच, अबोला. मार्क कमी पडले की आठ-आठ दिवस तिच्याकडे बघायचेही नाहीत, निरोप आईमार्फत. ‘मार खाल्ला असता तर निदान कुणाला दाखवता तरी आला असता,’ ती म्हणाली. माझ्याकडे मात्र ती आली होती दहावीतला मुलगा घरात बोलेनासा झाला म्हणून.

मी तिला बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचा १४वा अध्याय वाचायला दिला. राजा दावीद पळून गेलेल्या मुलाला, अबशालोमाला, यरुशलेमेत परत येऊ देतो, पण तोंड दाखवू देत नाही. बापलेक दोन वर्षं एकाच शहरात! शेवटी कुणीतरी दखल घ्यावी म्हणून पोरगा बापाच्या सेनापतीचं, यवाबाचं, जवाचं शेत पेटवून देतो. शास्त्र दावीदाला राजा म्हणूनच मान देतं, पण त्याचं घर झाकत नाही. आणि त्याआधी त्याच दावीदाला स्वतःचं पाप दिसलं ते नाथान संदेष्ट्याने सांगितलेल्या, श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिसकावल्याच्या गोष्टीतून.

मग तिला वडिलांवर गोष्ट लिहायला सांगितली. ‘मी’ वापरायचं नाही, धंदा-गाव बदलायचं, एका वेळी पंधरा मिनिटं, त्यापुढे वही बंद. अशा लिखाणानंतर लगेच मन जड होतं, म्हणून ही वेळेची अट मी सोडत नाही. रूथने बापाला रायबंदर-चोडण फेरीबोटीवरचा खलाशी केलं. मुलगी रोज त्याच बोटीने कॉलेजला जाते, तो दोर बांधतो, बघत नाही. छान लिहिलं होतं. मी म्हटलं, आता त्याच्या बाजूने लिही. तिथे ती अडकली, आणि अडकल्यावर भलतंच लिहून बसली: तीच मुलगी मोठी झालीय, मुलाचं ताट वाढते आणि एक शब्द न बोलता आत निघून जाते.

‘हे मी का लिहिलं?’ तिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तिला ते कळलं होतं.

पुढे खलाशाचं बालपणही तिने लिहिलं, आणि लगेच वडिलांना फोन करून ‘तुमच्यावरही असंच झालं होतं ना’ म्हणायला निघाली. तिथे मी अडवलं. कथेतलं बालपण हा अंदाज, पुरावा नव्हे. त्यावरून आरोप नको, क्षमाही नको. आधी आत्याला विचार.

काही प्रार्थनासभांत यालाच पिढीजात शाप म्हणतात. मला ते पटत नाही. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून पोराचे दात आंबणार नाहीत, असं बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकाचा १८वा अध्याय स्पष्ट सांगतो. सवय उतरते, ती मोडता येते. मात्र घरात आजही मारहाण किंवा अत्याचार चालू असेल तर कथा बाजूला ठेवा आणि ११२ किंवा मुलांसाठी १०९८ ला फोन करा.

रूथ आता मुलाला सांगते, ‘मला राग आलाय, जेवल्यावर बोलू,’ आणि जेवल्यावर बोलते. वही वडिलांना दाखवायची का, हे ठरलेलं नाही. दाखवलीच तर ‘हे तुमचं चरित्र नाही, मला तेव्हा काय वाटायचं ते आहे’ एवढं आधी सांगून.