यशवंतराव चव्हाणांचे संसदेतील योगदान नेमके कोणते?

साताऱ्याचे खासदार म्हणून यशवंतराव चव्हाणांचे नाव सगळेच घेतात. पण त्यांनी सांभाळलेली खाती बाजूला ठेवली, तर राष्ट्रीय धोरणांवरील संसदीय चर्चेत त्यांची स्वतःची म्हणावी अशी भर कोणती, असे आपण विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. आमच्या सातारा-सांगलीकडे त्यांच्याविषयीचे बहुतेक बोलणे ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ या वाक्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कराडला प्रीतिसंगमावरील समाधीपुढे हात जोडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्यांचे एखादे संसदीय भाषण वाचलेले असते.

ते काही सभागृह दणाणून सोडणारे वक्ते नव्हते. परस्परविरोधी बाजूंचे म्हणणे ऐकून घ्यायचे आणि त्यातून दोघांनाही नाइलाजाने का होईना, पण पाळता येईल असा मजकूर कागदावर उतरवायचा, हे त्यांचे खरे बळ होते, असे माझे मत आहे. या दृष्टीने पाहिले, तर त्यांचे काम मंत्रिपदांच्या यादीपेक्षा निराळे दिसू लागते.

21 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली, आणि पुढे नाशिकमधून पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून येऊन ते लोकसभेत गेले. चीनकडून झालेल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली होती. तो अहवाल उघड करता येणार नाही, हे सांगण्याचे अप्रिय काम यशवंतरावांकडे आले. 2 सप्टेंबर 1963 रोजी त्यांनी लोकसभेत जे निवेदन केले, ते मात्र केवळ नकाराचे नव्हते. प्रशिक्षण, साधनसामग्री, आदेशव्यवस्था, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत या पाचही मुद्द्यांवरील उणिवा त्यांनी सभागृहापुढे मांडल्या. सामग्री मैदानी प्रदेशातल्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचत होती, पण तिथून पुढे डोंगरातल्या तुकड्यांपर्यंत ती वेळेवर जात नव्हती, इतक्या तपशिलात ते गेले. सैन्य कितीही सुसज्ज असले, तरी त्याला धोरणात्मक दिशा सरकारनेच द्यायची असते, हेही त्यांनी त्यात नमूद केले. ज्या सरकारचे आपण मंत्री आहोत त्याच सरकारकडे बोट दाखवणारे हे विधान होते, आणि ते नेहरू पंतप्रधान असताना केले गेले होते. अहवाल दडवला गेला हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही ते निवेदन वाचल्याशिवाय तो आक्षेप घेऊ नये.

1967 मध्ये ते साताऱ्यातून निवडून आले आणि नंतरच्या तिन्ही निवडणुकांत, म्हणजे 1971, 1977 आणि 1980 मध्येही, साताऱ्याने त्यांनाच लोकसभेत पाठवले. गृहमंत्री म्हणून 1967 च्या डिसेंबरात त्यांनी राजभाषा कायद्यातील दुरुस्ती संसदेत मंजूर करून घेतली. ज्या राज्यांनी हिंदी ही आपली राजभाषा म्हणून स्वीकारलेली नाही, त्या सर्व राज्यांची विधिमंडळे ठराव करीत नाहीत आणि त्यानंतर संसदेची दोन्ही सभागृहेही तसा ठराव करीत नाहीत, तोवर केंद्राच्या कामकाजात इंग्रजी चालू राहील, असा तिचा गाभा आहे. उत्तरेत त्याविरुद्ध इंग्रजी पाट्यांना डांबर फासले गेले, आणि हिंदीच्या प्रसारावर भर देणाऱ्या सोबतच्या ठरावामुळे मद्रासकडेही आंदोलन पेटले. आज हिंदीच्या सक्तीचा वाद निघाला की ज्या तरतुदीचा आधार घेतला जातो, ती हीच.

मात्र आपण एकच विषय मुळातून वाचणार असाल, तर तो पक्षांतराचा वाचावा, असे मी सुचवेन. 1967 च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत आमदारांच्या उड्यांनी सरकारे पडू लागली, तेव्हा खासदार वेंकटसुब्बय्या यांच्या ठरावावरून लोकसभेने या प्रश्नावर समिती नेमण्याची मागणी केली आणि गृहमंत्री या नात्याने तिचे अध्यक्षपद यशवंतरावांकडे आले. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू आणि सेटलवाड, दफ्तरी, कुमारमंगलम हे कायदेपंडित अशी परस्परांशी सहजासहजी न जुळणारी माणसे त्या समितीत होती. 1969 च्या आरंभी संसदेपुढे आलेल्या तिच्या अहवालात पक्षांतर करणाऱ्याला एक वर्षापर्यंत, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये आणि मंत्रिमंडळाच्या आकारालाच मर्यादा घालावी, अशा शिफारशी होत्या. रोग आमिषात आहे, तेव्हा आमिषच काढून घ्यावे, असा त्यामागचा विचार दिसतो. याहून महत्त्वाची आहे ती समितीची व्याख्या: पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला आणि नंतर, पक्षाच्या निर्णयामुळे नव्हे तर स्वेच्छेने, पक्षाशी संबंध तोडणारा तो पक्षांतर करणारा. पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) एखादे मत दिले म्हणून कुणाला पक्षांतर करणारा ठरवावे, असे या व्याख्येत नव्हते.

1985 मध्ये पक्षांतरबंदी आणणारी बावन्नावी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा यशवंतराव हयात नव्हते. 25 नोव्हेंबर 1984 रोजी त्यांचे निधन झाले होते. त्या दुरुस्तीने पक्षादेश मोडणेही अपात्रतेचे कारण ठरवले. मंत्रिपदाच्या आमिषाचा आणि मंत्रिमंडळाच्या आकाराचा विचार मात्र 2003 च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीपर्यंत खोळंबला. तेव्हा मंत्र्यांच्या संख्येला लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांची मर्यादा आली. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा होता. आजचे खासदार धोरणावर स्वतंत्रपणे बोलत नाहीत अशी तक्रार आपण सगळेच करतो, पण सरकारी विधेयकावर पक्षादेश निघाल्यावर खासदाराला मताचे स्वातंत्र्य उरतच नाही, आणि ते 1969 च्या अहवालाने काढून घेतलेले नव्हते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे पाहिले, त्यानंतर तर हा अहवाल मराठी वाचकाने जरूर चाळावा.

संस्थानिकांच्या तनख्यांबाबत, म्हणजे माजी राजांना सरकारकडून मिळणाऱ्या वार्षिक रकमांबाबत, त्रोटक सांगतो. गृहमंत्री असताना त्यांनी राजांशी दीर्घ वाटाघाटी केल्या. पुढे 1970 च्या सप्टेंबरात तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली, पण राज्यसभेत 149 विरुद्ध 75 अशा मतदानात दोन-तृतीयांशाला एका मताहूनही कमी अंतराने अडली. 1971 च्या सव्विसाव्या दुरुस्तीने तो विषय मिटला. अर्थमंत्री म्हणून मांडलेल्या अर्थसंकल्पांपैकी 1973 चा अर्थसंकल्प तुटीमुळे ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून ओळखला जातो. ती भाषणे कष्टाळू आहेत, पण त्यांत यशवंतराव फारसे दिसत नाहीत.

विरोधी पक्षनेता म्हणून त्यांची कारकीर्द छोटी, पण परिणामकारक होती. 1979 च्या जुलैत मोरारजी देसाई सरकारवरील अविश्वासाचा प्रस्ताव त्यांनी मांडला आणि मतदानाआधीच, 15 जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. त्यानंतर यशवंतराव ज्या चरणसिंह सरकारात उपपंतप्रधान झाले, ते सरकार विश्वासमतासाठी लोकसभेला सामोरे गेलेच नाही. सभागृहातील संवादावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या चरित्रात हे बसत नाही, आणि त्यांचे चाहते ते सहसा सांगतही नाहीत. आणीबाणीच्या काळातही ते परराष्ट्रमंत्री म्हणून मंत्रिमंडळात राहिले. संसदेतील विरोधक तुरुंगात असताना त्यांनी उघड विरोध केला नाही, ही त्यांच्या संसदीय कारकिर्दीतील सर्वांत मोठी उणीव मी मानतो.

मुळातून वाचायचे असल्यास लोकसभेच्या जुन्या कामकाजाची इतिवृत्ते संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात तारखेनुसार सापडतात. 2 सप्टेंबर 1963 पासून आरंभ करावा, मग 1967 च्या डिसेंबरातील राजभाषेची चर्चा घ्यावी. त्या चर्चेत मंत्र्याच्या उत्तराइतकीच विरोधी सदस्यांची भाषणेही वाचावीत, कारण त्यांच्याशिवाय ते उत्तर तसे का दिले गेले, हे कळत नाही.